आवृत्तिक्रमांक : मोजणी, जाहिरात आणि वचन



पुस्तकाच्या आरंभीच्या पानावर कधी ‘आवृत्ती दुसरी’ असे छापलेले असते, तर कधी केवळ ‘पुनर्मुद्रण’. पुनर्मुद्रणात मजकूर तोच राहतो. फार तर मुद्रणदोष दुरुस्त होतात. नव्या आवृत्तीत मात्र लेखकाने मजकुराला हात घातलेला असतो. हा भेद ठाऊक असला म्हणजे घरातील जुनी प्रत चालेल की नवी घ्यावी लागेल, हे वाचकाला ठरविता येते. संगणकाच्या सॉफ्टवेअरवर जे आवृत्तिक्रमांक असतात, त्यांचे मूळ काम हेच. गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत या क्रमांकांकडून तीन कामे करवून घेण्यात आली : मोजणी, जाहिरात आणि वचन. त्यांपैकी तिसरे सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे आहे, एवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

पुस्तकाशी असलेले हे नाते केवळ उपमेपुरते नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडविलेल्या यूनिक्स या कार्यप्रणालीच्या जुन्या आवृत्त्या ज्या क्रमांकांनी ओळखल्या जातात, ते वस्तुतः तिच्या माहितीपुस्तिकेच्या आवृत्त्यांचे क्रमांक आहेत. पहिल्या पुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रसिद्ध सातवी आवृत्ती जानेवारी १९७९ ची. प्रयोगशाळेत प्रणाली सतत बदलत असे. तिच्या वाटचालीतील एखादा टप्पा नेमका दाखवावयाचा, तर छापलेली पुस्तिका हीच खूण होती.

पुढे सॉफ्टवेअरचा वापर वाढला, दुरुस्त्या वारंवार होऊ लागल्या आणि एका अंकाने भागेना. मग बिंदूंनी जोडलेल्या अंकांची रीत रूढ झाली. सर्वसाधारणपणे डावीकडील अंक मोठा फेरबदल दाखवितो, मधला नवी भर आणि उजवीकडील किरकोळ दुरुस्ती. येथे नवख्याची हमखास फसगत होते. हा बिंदू दशांशचिन्ह नव्हे. २.६.१० ही आवृत्ती २.६.९ च्या नंतरची आहे. प्रकरण दुसरे, कलम सहावे, पोटकलम दहावे, असे ते वाचावे.

क्रमांक लोकांच्या नजरेत भरू लागला तशी बाजाराचीही दृष्टी त्याकडे गेली. १९८० च्या दशकाच्या आरंभी अॅश्टन-टेट या कंपनीने ‘डीबेस टू’ नावाची माहितीसंग्रहाची आज्ञावली विक्रीस आणली. त्याआधी ‘डीबेस वन’ कधी निघालीच नव्हती. ‘टू’ म्हटल्याने माल मुरलेला वाटे, एवढाच त्यातील हेतू. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवरील ‘वर्ड’ने १९९३ मध्ये २ वरून थेट ६ वर उडी घेतली. आपल्याच इतर संगणकांवरील ‘वर्ड’शी क्रमांक जुळावा, हे त्याचे एक कारण, परंतु वर्डपरफेक्ट या प्रतिस्पर्ध्याचा क्रमांकही त्या सुमारास ६ होता, हे विसरून चालणार नाही. अशा वेळी क्रमांक वस्तूविषयी काहीच सांगत नाही. तो ग्राहकाच्या मनाशी खेळतो.

याच्या उलट उदाहरण लिनक्सचे. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉर्वल्ड्स यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये पहिले रूप प्रसृत केले, तेव्हा त्याला ०.०१ हा नम्र क्रमांक दिला. १.० हा क्रमांक मार्च १९९४ मध्ये आला. त्यानंतर एक साधा संकेत पाळला गेला : मधला अंक सम असेल तर ती आवृत्ती स्थिर आणि भरवशाची, विषम असेल तर प्रयोगासाठी. २.२ आणि २.४ कामाला लावाव्यात, २.३ आणि २.५ जाणकारांनी हाताळून पाहाव्यात. कोणतीही पुस्तिका न उघडता वापरणाऱ्याला सावधगिरीची सूचना मिळत होती. डिसेंबर २००३ मधील २.६ नंतर कामाची पद्धतच बदलली आणि हा संकेत मागे पडला. जुलै २०११ मध्ये ३.० आली तेव्हा तीत कोणताही क्रांतिकारक बदल नव्हता. क्रमांक लांबत चालला होता आणि लिनक्सला वीस वर्षे पूर्ण होत होती, इतकेच.

डोनाल्ड कनूथ यांनी तर क्रमांकातूनच आपला संकल्प सांगितला. ग्रंथांच्या, विशेषतः गणिती मजकुराच्या, अक्षरजुळणीसाठी त्यांनी ‘टेक’ ही प्रणाली रचली. तिसऱ्या आवृत्तीनंतर तीत नवी भर घालावयाची नाही, केवळ चुका दुरुस्त करावयाच्या, असे त्यांनी १९९० मध्ये जाहीर केले. प्रत्येक दुरुस्तीबरोबर तिचा क्रमांक ‘पाय’ या गणिती स्थिरांकाच्या एक अंक जवळ सरकतो : ३.१, ३.१४, आणि २०२१ मध्ये ३.१४१५९२६५३. येथे बिंदू खरोखरच दशांशचिन्ह आहे. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक ‘पाय’ असाच करावा आणि उरलेल्या चुकांना हात लावू नये, अशी त्यांची इच्छा आहे. आज जुळविलेला ग्रंथ शंभर वर्षांनीही तसाच उमटावा, हा त्यामागील विचार.

परंतु प्रत्येकाला असे थांबता येत नाही. पायथन या संगणकभाषेच्या कर्त्यांनी डिसेंबर २००८ मध्ये ३.० ही आवृत्ती काढली, तेव्हा जुन्या आज्ञावली तिच्यावर जशाच्या तशा चालणार नाहीत, हे त्यांनी उघड सांगितले होते. जगातील सर्व लिपींतील मजकूर सरळपणे हाताळता यावा, हे या बदलाचे एक मोठे प्रयोजन होते. हेतू चांगला, सूचना स्पष्ट. तरीही लोकांना स्थलांतरास इतका काळ लागला की दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पर्यंत चालू ठेवावी लागली. डावीकडचा एक अंक वाढविण्याची किंमत अकरा वर्षांहून अधिक काळ मोजली गेली.

अशा अनुभवांतून क्रमांकाला वचनाचे स्वरूप देण्याचा प्रयत्न झाला. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी लिहिलेल्या नियमावलीप्रमाणे जुन्याशी सुसंगती तुटत असेल तरच पहिला अंक वाढवावा. सुसंगती राखून भर घातली तर दुसरा. केवळ दोष काढला तर तिसरा. पहिला अंक शून्य असेल तर काहीही बदलू शकेल, असे समजावे. २०१३ च्या सुमाराची या नियमावलीची आवृत्ती स्वतःदेखील २.०.० असा क्रमांक मिरविते.

हे सारे दूरचे वाटत असेल, तर आपल्या लिपीकडे पाहावे. १९९० च्या दशकात संगणकावर मराठी जुळविताना प्रत्येक फॉन्टची अक्षरयोजना निराळी असे. तो फॉन्ट हरवला की मजकुराचे रोमन अक्षरांचे कडबोळे होई. युनिकोड या जागतिक मानकाच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच, भारतीय ‘इस्की’ मानकाच्या आधाराने, देवनागरीला स्थान मिळाले. १९९६ च्या २.० मध्ये मात्र कोरियन अक्षरे एका जागेवरून दुसरीकडे हलविण्यात आली आणि जुना कोरियन मजकूर नव्या मानकाशी जुळेना. त्यातून धडा घेऊन युनिकोडने वचन दिले : एकदा दिलेली जागा पुन्हा बदलणार नाही, काढून घेणार नाही. या वचनापायी एका चिन्हाच्या अधिकृत नावातील ‘ब्रॅकेट’ या इंग्रजी शब्दाचे चुकलेले स्पेलिंगही तसेच ठेवण्यात आले आहे.

या वचनाची झळ मराठीलाही थोडी लागते. ‘ॲडव्होकेट’मधील ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र जागा २००८ मधील ५.१ या आवृत्तीत मिळाली. तोपर्यंत लोक ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत. दिसायला दोन्ही रूपे सारखी, पण मानकाच्या लेखी ती भिन्न आहेत; साध्या शोधात एक रूप घातले तर दुसरे सापडेलच असे नाही. ही गैरसोय खरी आहे. तरी या वचनामुळेच त्या मानकात नीट उतरविलेला मराठी मजकूर पुढील प्रत्येक आवृत्तीत त्याच अक्षरांनी वाचता येईल, हे विसरू नये.

विद्यार्थ्यांनी यातून एक सवय घ्यावी. नवा क्रमांक समोर आला की ‘यात नवे काय?’ हे सर्वच विचारतात. ‘जुन्यातले काय चालेनासे होईल?’ हेही विचारावे. आणि उद्या स्वतःच एखादी आज्ञावली, नियमावली किंवा पाठ्यपुस्तक रचण्याची वेळ आली, तर त्यावर क्रमांक घालताना जुनी प्रत घेऊन बसलेल्या माणसाची आठवण ठेवावी.