हायड्रोस्टॅटिक समतोल म्हणजे काय? सुरतच्या गटारातून पाणी उलटं का येतं

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून ९ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि सुरतचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. नंदुरबार, नवापूर, शहादा भागातली कित्येक कुटुंबं तेव्हा उधना, लिंबायतमध्ये राहत होती, आजही राहतात. अशा पुरात अनेकांना एक गोष्ट चक्रावून टाकते. पाणी दारातून यायच्या आधी न्हाणीघराच्या जाळीतून वर येतं. नदीला बांध आहे, मग घरात पाणी शिरलं कुठून?

याचं उत्तर विज्ञानातल्या एका शब्दात आहे : हायड्रोस्टॅटिक समतोल. मराठीत त्याला जलस्थितिक समतोल म्हणता येईल. स्थिर पाण्यात प्रत्येक थरावर वरच्या पाण्याचं वजन असतं आणि खालून तेवढाच दाब त्याला तोलून धरतो, ही ती अवस्था. इथे एक घोळ हमखास होतो. समतोल म्हणजे सगळीकडे सारखा दाब नव्हे. खोल जाल तसा दाब वाढतोच, दर मीटरला साधारण ०.१ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. पण एकमेकांना जोडलेल्या स्थिर पाण्यात एकाच पातळीवर दाब सारखा असतो, मग भांडं रुंद असो की बोटाएवढं अरुंद. सायमन स्टेव्हिन यांनी १५८६ सालीच हे मांडलं होतं. हवामानाच्या नकाशावरची समदाब रेषा ही मात्र वेगळी गोष्ट, ती यात मिसळू नये.

आपल्याकडच्या गवंड्याला हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन तो घराच्या दोन टोकांना लेव्हल काढतो. नळी मध्ये कशीही वाकू द्या, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं. फक्त आत हवेचा बुडबुडा नको, नाहीतर लेव्हल चुकते.

आता नळीच्या जागी शहराचं गटार धरा. एक तोंड तापीत, दुसरं तुमच्या न्हाणीत. नदीची पातळी जाळीपेक्षा वर गेली की पाणी दोन्हीकडे सारखं व्हायला बघतं आणि उलटं येतं. बांध कितीही भक्कम असला तरी त्याच्या खालून गेलेल्या पाईपला तो अडवू शकत नाही. म्हणूनच नदीत उघडणाऱ्या गटारांच्या तोंडाशी पूर-दरवाजे लागतात. दरवाजा १ मीटर व्यासाचा असेल आणि नदीचं पाणी त्याच्या मध्यापासून ३ मीटर वर असेल, तर त्याच्यावर जवळपास २.३ टन भार येतो. कचरा अडकून तो नीट बसला नाही, तर एवढा दाब फटीतून पाणी आत ढकलतो. बरं, दरवाजा पक्का लागला तरी शहरात पडणाऱ्या पावसाला बाहेर जायला वाट उरत नाही. तो पंपानेच काढावा लागतो. त्यात समुद्राला भरती असली की नदीचं पाणीही लवकर ओसरत नाही.

वाहती नदी काटेकोरपणे या समतोलात नसते, तिच्या पृष्ठभागाला उतार असतो. गटारात मात्र पाणी हळू चालतं, त्यामुळे तिथे हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो.

हाच शब्द आकाशातही वापरतात. सुरत बुडाली त्याच महिन्यात, २४ ऑगस्ट २००६ रोजी, प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली. स्वतःच्या गुरुत्वाने जवळपास गोल होणं, म्हणजे हायड्रोस्टॅटिक समतोल गाठणं, ही त्यातली एक अट. प्लूटो या अटीत बसतो. तो अडला कक्षा मोकळी करण्याच्या अटीवर.

पुन्हा न्हाणीघरात येऊ. जाळी १० सेंटीमीटर व्यासाची असेल आणि बाहेरचं पाणी तिच्यापेक्षा १ मीटर वर, तर खालून साधारण ८ किलोचा रेटा बसतो. फडकं कोंबून किंवा रिकामी बादली पालथी घालून तो थांबत नाही. प्लास्टिकचा कागद अंथरून वर वाळूची जड गोणी ठेवली तर वेळ मिळतो. संडासाच्या भांड्यातूनही पाणी येतं, तिथेही तेच करा. तळमजल्यावर असाल तर जाळीत पाणी दिसताच, लादी कोरडी असतानाच, मेन स्विच बंद करा आणि म्हाताऱ्या माणसांना, लेकरांना वरच्या मजल्यावर न्या. कागदपत्रं आणि धान्य त्यानंतर.