वैद्यकीय व दंतवैद्यकीय व्यवसायातील कीमॅन विमा

कीमॅन विमा म्हणजे ज्या व्यक्तीवर व्यवसायाचे उत्पन्न अवलंबून असते, तिच्या आयुष्यावर त्या व्यवसायाने घेतलेला जीवन विमा होय. हप्ता व्यवसाय भरतो. मुदतीत त्या व्यक्तीचा मृत्यू झाल्यास रक्कम तिच्या वारसांना नव्हे, तर व्यवसायालाच मिळते. रुग्णांच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांसाठी डॉक्टर घेतात तो व्यावसायिक दायित्व विमा याहून वेगळा आहे.

गरज

सांगली, मिरज, सातारा व कराड येथे शासकीय आणि विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांबरोबरच एकाच डॉक्टरच्या नावाने ओळखली जाणारी अनेक खासगी रुग्णालये व दंत चिकित्सालये आहेत. असा डॉक्टर दगावल्यास इमारत व यंत्रसामग्री शिल्लक राहते, परंतु नोंदणीकृत वैद्यकाची पात्रता नसलेल्या वारसाला उपचार करता येत नाहीत. कर्जाचे हप्ते व कर्मचाऱ्यांचे पगार मात्र थांबत नाहीत. याउलट डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरज येथे सुरू केलेले मिशन रुग्णालय ते १९२८ मध्ये निवृत्त झाल्यानंतरही चालू राहिले. त्यांच्यामागे संस्था होती आणि सहकारी शल्यचिकित्सक होते.

कायदेशीर स्थिती

आयकर कायद्यातील व्याख्येनुसार हा विमा ‘दुसऱ्या’ व्यक्तीच्या आयुष्यावर असावा लागतो. ती व्यक्ती विमा घेणाऱ्याची कर्मचारी किंवा त्याच्या व्यवसायाशी कोणत्याही प्रकारे संबंधित असावी. छोट्या रुग्णालयांची खरी अडचण येथेच आहे. एकल मालकीत मालक आणि डॉक्टर एकच असल्याने त्याला स्वतःवर कीमॅन विमा घेता येत नाही, म्हणजे ज्याला या संरक्षणाची सर्वाधिक गरज, तोच त्याबाहेर राहतो. पगारी शल्यचिकित्सकावर मात्र तो असा विमा घेऊ शकतो. भागीदारी संस्थेने भागीदाराच्या आयुष्यावर घेतलेल्या विम्याचा हप्ता व्यवसायखर्च म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये बी. एन. एक्स्पोर्ट्स प्रकरणात मान्य केला.

हप्त्यावर वजावट मिळते, तरी मिळालेली विमा रक्कम व्यवसायाचे करपात्र उत्पन्न ठरते. भागीदारी संस्थेस ३० टक्के दराने कर (अधिक उपकर) लागू होत असल्याने ५० लाख रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी तेवढ्याच रकमेचा विमा पुरत नाही. शिवाय भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ४२ नुसार, करारपत्रात वेगळी तरतूद नसल्यास, भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होते; म्हणून विम्याआधी करारपत्र पाहणे आवश्यक असते.

पर्याय व मर्यादा

एकल मालक डॉक्टर कर्जाइतका वैयक्तिक मुदत विमा घेऊ शकतो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसंबंधीच्या १८७४ च्या अधिनियमाखाली पत्नी व मुलांच्या लाभासाठी घेतलेल्या विम्याची रक्कम सर्वसाधारणपणे धनकोंना जप्त करता येत नाही. तो विमा कुटुंबासाठी असतो, रुग्णालयासाठी नव्हे. कर्जासाठी वेगळा विमा लागतो.

मूळ मुदत विमा केवळ मृत्यूवर रक्कम देतो. हाताची दुखापत किंवा मणक्याचा विकार दंतवैद्याचा व्यवसाय कायमचा बंद पाडू शकतो. अशा अपंगत्वासाठी स्वतंत्र संरक्षण घ्यावे लागते.