औषधाची मात्रा आणि शाईचा थेंब



ज्याने आयुष्यभर भाषा शिकवली त्याने औषधनिर्मितीच्या इतिहासावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण 'मात्रा' हा शब्द जसा छंदःशास्त्राचा, तसाच वैद्यकाचाही आहे. मात्रा चुकली की तेथे वृत्त बिघडते, येथे प्रकृती.

आपल्या घरांत बाळगुटी उगाळताना हे माप वेढ्यांनी ठरे. तान्ह्या बाळासाठी सहाणेवर वेखंडाचा, हळकुंडाचा एकेक वेढा. बाळ वाढेल तसे वेढे वाढत. हातागणिक माप बदले, हा या रीतीचा दोष खरा. परंतु मात्रा ठरविताना समोरचे मूल पाहिले जाई.

हातागणिक बदलणारे माप यंत्राने स्थिर केले, आणि ते यंत्र आले लेखनसाहित्याच्या वाटेने. विल्यम ब्रॉकेडन हा इंग्रज चित्रकार. पेन्सिलीसाठी निर्दोष शिसे मिळावे म्हणून ग्राफाइटची भुकटी साच्यात दाबण्याची युक्ती त्याने योजिली आणि १८४३ सालच्या पेटंटात तीच औषधी गोळ्यांनाही लागू केली. पुढे कारखान्यांतून एकसारख्या वजनाच्या असंख्य गोळ्या निघू लागल्या. औषध स्वस्त आणि भरवशाचे झाले. आपल्या बडोद्यातही १९०७ साली अलेंबिकची स्थापना झाली.

मात्र साचा ठरला की मात्राही ठरते. रक्त गोठू नये म्हणून देण्यात येणारे वॉरफरिन पाहा. ते थोडे कमी पडले तर गुठळीचे भय, थोडे अधिक झाले तर रक्तस्रावाचे. आणि प्रत्येकाची गरज निराळी. माझ्या वयाच्या मंडळींना चाकूने अर्धी केलेली गोळी परिचयाची आहे. दोन्ही तुकडे सारखे निघतीलच असे नाही.

यावरचा उपायही लेखनसाहित्यातूनच आला. स्वीडनचे रूने एल्मक्विस्ट यांनी शाईच्या सूक्ष्म फवाऱ्याने आलेख काढणाऱ्या यंत्राचे अमेरिकी पेटंट १९५१ साली मिळविले. हृदयाचे स्पंदन कागदावर उमटविण्यासाठी त्या यंत्राचा उपयोग झाला. म्हणजे ही शाई कचेरीत शिरण्यापूर्वीच रुग्णालयात पोचली होती! अमेरिकेतील एमआयटीमध्ये इमॅन्युएल सॅक्स आणि सहकाऱ्यांनी भुकटीच्या थरांवर बंधक द्रवाचे थेंब टाकून वस्तू घडविण्याची रीत शोधली. तिचे पेटंट १९९३ साली मिळाले. याच रीतीने तयार झालेल्या, अपस्मारावरील 'स्प्रिटॅम' गोळीला २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता लाभली. घोटभर पाण्यात ती क्षणांत विरघळते. परंतु तिच्याही मात्रा ठरावीकच होत्या.

व्यक्तीगणिक मात्रेची दिशा पर्ड्यू विद्यापीठातील रेक्लायटिस आणि सहकाऱ्यांच्या कामात स्पष्ट दिसते. तेथे द्रवरूप औषधाचा मोजका थेंब औषधविरहित गोळीवर किंवा खाण्याजोग्या पातळ पापुद्र्यावर टाकला जातो. समजा, एका थेंबात पाव मिलिग्रॅम औषध आहे. मग एकाला दहा थेंब, दुसऱ्याला अकरा. वेढ्यांची मोजणी येथे थेंबांच्या मोजणीने परतली, आणि यंत्राचा नेमकेपणाही टिकला.

तरीही खरा प्रश्न पुढेच आहे. कारखान्यात एका घाण्यातील काही गोळ्या विरघळवून तपासतात आणि उरलेल्यांवर विश्वास ठेवतात. एकाच रुग्णासाठी केलेली एकच गोळी तपासणीत विरघळविली, तर त्याला द्यायचे काय? म्हणून पर्ड्यूच्या यंत्रात पडत्या थेंबाचे छायाचित्र घेऊन त्याचे आकारमान मोजण्याची योजना आहे. रुग्णाजवळच औषध तयार करण्यासंबंधी ब्रिटनने २०२५ साली स्वतंत्र नियम लागू केले, त्यामागेही हीच चिंता आहे : मात्रेची जबाबदारी कोणाची?

पुस्तकात मुद्रणदोष राहिला तर शेवटी शुद्धिपत्र जोडता येते. गोळीतील मुद्रणदोषाला शुद्धिपत्र नाही. या शाळेचे जे विद्यार्थी आज वैद्यक, औषधनिर्माण वा अभियांत्रिकीत आहेत, त्यांना माझे एवढेच सांगणे : उद्या हे यंत्र आपल्या हाती आले, तर त्याच्या वेगाचे कौतुक नंतर करा; मुद्रितशोधन आधी करा.