पोटाची पारध

आपल्या भाषेत एकाच कृत्यास तीन नावे आहेत, आणि ती तीन निरनिराळ्या घरांतून आलेली आहेत. 'मृगया' हा शब्द शोधणे या अर्थाच्या संस्कृत धातूपासून निघाला. काव्यनाटकांत तो नेहमी राजाच्या रथामागून धावत असतो. 'शिकार' हा शब्द फारसी. तो दरबाराबरोबर आला आणि पुढे संस्थानिकांच्या व गोऱ्या अंमलदारांच्या बंदुकीबरोबर प्रतिष्ठा पावला. तिसरा शब्द 'पारध'. प्राकृतातील 'पारद्धि' हे त्याचे पूर्वरूप, आणि त्याचे संस्कृत रूप 'पापर्द्धि', म्हणजे पापाची वृद्धी, असे सांगतात. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच. परंतु पापाचा ठपका पडला तो नेमका तिसऱ्यावर, आणि तोच शब्द ज्यांच्या कपाळी कायमचा चिकटला ते पारधी. हौसेखातर मारणाऱ्याचे नाव निष्कलंक राहिले आणि चूल पेटावी म्हणून मारणाऱ्याचे नाव डागाळले, ही गोष्ट शब्दांपुरतीच असती तर तीवर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु हाच न्याय पुढे कायद्याने उचलला, म्हणून या तिसऱ्या शब्दाचा इतिहास थोडक्यात वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते.

मनुष्य प्रथम शिकारी होता, पुढे शेती शिकला आणि शिकार मागे टाकून सुधारला, अशी एक सोपी शिडी आपण शाळेत पाठ केलेली असते. महाराष्ट्राच्या भूमीतील पुरावा तितका सरळ नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. इ. स. पूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत तेथे शेतकऱ्यांची वसती होती. हे लोक सातू पिकवीत, गुरे पाळीत, पाण्यासाठी पाट व बांध घालीत आणि चौकोनी प्रशस्त घरांत राहत. परंतु इ. स. पूर्वी १००० च्या सुमारास चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात, पिकांचे मान घटते आणि शेळ्यामेंढ्यांचे व रानातील हरणांचे महत्त्व वाढते. हवामान कोरडे होऊन पाऊस हटल्यामुळे हे लोक अर्धवट भटके बनले, असा अर्थ या उत्खननाचे एक प्रमुख डॉ. म. के. ढवळीकर यांनी लावला आहे. तो मान्य केल्यास असे दिसते की, शिकारीचा आरंभ मनुष्याच्या इतिहासात एकदाच झालेला नाही. जेव्हा जेव्हा नांगर हरतो, तेव्हा तेव्हा तो आरंभ पुन्हा होतो. शेतकऱ्याच्या पोराने फास विणावयास बसावे यात रानटीपणाकडे परत जाण्याची आवड नसते. कणगीचा तळ दिसू लागलेला असतो, एवढेच.

ग्रंथांतरी व शिलालेखांत या विषयाची जी नोंद आहे ती बहुतेक राजाच्या बाजूने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूनाध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. अभयवनातील प्राण्यांस मारणाऱ्यास जबर दंड, आणि ज्यांची हत्या रूढ आहे व जे राखीव नाहीत अशा प्राण्यांतून राजाचा सहावा भाग, अशी तेथे व्यवस्था आहे. म्हणजे पारध्यावर कर होता. पण ज्या अर्थी कर होता, त्या अर्थी त्याचा धंदा हा धंदा म्हणून मान्य होता. अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात राजवाड्याच्या मुदपाकखान्यातील हत्या दोन मोर व एक हरीण यांवर आणल्याचे सांगितले, आणि आठव्या लेखात पूर्वीच्या राजांच्या शिकारीच्या विहारयात्रा सोडून आपण धर्मयात्रा सुरू केल्याचे नमूद केले. या आठव्या लेखाचाच एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मुंबईजवळ सोपारे येथे सापडला, ही महाराष्ट्रास अभिमानाची गोष्ट होय. परंतु याच थोर राजाने तेराव्या लेखात अरण्यवासी लोकांस, मी पश्चात्ताप पावलो असलो तरी शासन करण्याचे सामर्थ्य माझ्या अंगी आहे, अशी समजही दिली आहे. स्वतःची मृगया सोडणे राजास शक्य होते, कारण त्याचे ताट तिच्यावर अवलंबून नव्हते. ज्यांचे ताट अवलंबून होते त्यांच्या बाजूचा शिलालेख कोणी कोरला नाही.

नीतीचा प्रश्न मात्र आपल्या पूर्वजांनी टाळला नव्हता. महाभारताच्या वनपर्वात तपस्वी कौशिकास धर्माचा उपदेश करणारा गुरू भेटतो, तो मिथिलेच्या बाजारात मांस विकत बसलेला व्याध आहे. आपण स्वतः प्राणी मारीत नसून इतरांनी मारलेल्यांचे मांस विकतो, हे तो सांगतो. आणि नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात, पूर्ण अहिंसक असा कोण आहे, असेही विचारतो. धर्मव्याधाची कथा आपण कीर्तनांतून शतकानुशतके ऐकत आलो. त्याच्या जातभाईंस मात्र गावकुसाच्या आत ठेवले नाही.

राजाची मृगया आणि गरिबाची पारध यांचे विद्येच्या बाबतीत किती निकटचे नाते होते, हे कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथावरून कळते. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील हा ग्रंथ बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेत श्री. श्रीगोंदेकर यांनी संपादून प्रसिद्ध केला. त्यात मृगयेचे नाना प्रकार आहेत: माणसाळविलेले हरीण पुढे करून रानातील हरणास भुलविणे, कुत्री सोडणे, ससाणा सोडणे, चित्त्याकडून काळवीट धरविणे. अन्नाच्या प्रकरणात तर शेतातील उंदीर व कासव यांच्याही पाककृती आहेत! आज कोकणातील कातकरी उंदराचे बीळ खणतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, हेच पक्वान्न एके काळी चक्रवर्ती राजाच्या पाकशास्त्रात होते. शिवाय भुलविण्याच्या या युक्त्या राजास कोणी शिकविल्या असतील? राजपुत्र रात्रंदिवस माळावर बसून हरणाची चाल शिकत नाहीत. पोटासाठी शिकणाऱ्याची विद्या दरबारात जाऊन विनोद बनली, असे मानणेच अधिक सयुक्तिक होय.

ती विद्या कशी होती ते आता पाहू. मध्यप्रांतातील जातींविषयी रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पारध्यांचे जे पोटभेद दिले आहेत, ते पुष्कळसे साधनांवरून पडलेले आहेत. फासे लावणारे ते फासेपारधी; गाय किंवा बैल आडोशास घेऊन हरणांजवळ जाणारे वेगळे; चित्ते बाळगणारे वेगळे. जात्यापाट्यांस टाकी लावणारे टाकणकार हेही त्यांतलेच. फासेपारध्याचे सारे भांडवल म्हणजे एक लांब दोरी, तिला ओळीने बांधलेले तातीचे फास आणि जमिनीत रोवावयाच्या खुंट्या. तितर धरावयाचा असेल तर पिंजऱ्यातील पाळीव तितर बोलका करतात. त्याच्या आव्हानास उत्तर देत रानातील नर धावून येतो आणि भोवती मांडलेल्या फासात त्याचा पाय अडकतो. काळविटासाठी फास मोठे, आणि कळपास न बिथरविता हळूहळू त्या ओळीकडे वळविण्याचे काम अतिशय नाजूक.

या धंद्यात नवशिक्याचा आरंभ मारण्याने होत नाही, आणि होऊ शकत नाही. आधी पाहणे. तितर कोणत्या वेळी कोठे चरतो, पाण्यावर कोणत्या वाटेने येतो, धुळीतील माग आजचा की कालचा, वारा कोणीकडून वाहतो, कळपाची राखण करणारी मादी मान केव्हा वर करते, हे ज्यास वाचता येत नाही त्याच्या फासात वाराच सापडावयाचा. बंदुकीने अंतर जिंकता येते, म्हणून बंदुकवाल्यास अज्ञान परवडते. फासास अंतर जिंकता येत नाही. प्राण्याने आपल्या पायांनी चालत तेथे यावे लागते, आणि तो कोठे पाय टाकील हे त्याच्याआधी मांडणाऱ्यास ठाऊक असावे लागते. हे शिक्षण पुस्तकाने होत नाही. बापामागून उन्हातान्हात वर्षानुवर्षे चालल्याने होते.

या ज्ञानाबरोबर काही संयमही होता काय? या प्रश्नावर कैलाशचंद्र मल्होत्रा, माधव गाडगीळ व त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातील तीन भटक्या जमातींची पाहणी करून १९८३ साली निबंध प्रसिद्ध केला, तो मननीय आहे. फासेपारधी फाशाने हरणे व पक्षी धरीत. नंदीवाले कुत्र्यांच्या साह्याने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदू सापळे लावून मुंगूस, रानमांजर यांसारखे लहान श्वापद पकडीत. एकाच माळावर तिघेही राहत, परंतु प्रत्येकाचे भक्ष्य व साधन वेगळे. जणू गावच्या बलुतेदारीप्रमाणे रानाचीही वाटणी झालेली होती. फासात गाभण हरिणी किंवा पाडस सापडल्यास आम्ही सोडून देत असू, असे फासेपारधी सांगत, हेही गाडगीळ यांनी नोंदविले आहे. हे त्यांचे स्वतःविषयीचे सांगणे होय, आणि त्यावरून त्यांस ऋषी ठरविण्याचा आमचा हेतू नाही. तितर-लावे बाजारात विकून दाणे घेणे हाही त्यांचा धंदा होताच. परंतु ज्यास पुढच्या वर्षीही त्याच माळावर यावयाचे आहे, त्याने यंदाचे बी राखावे, यात अलौकिक असे काही नाही. शेतकरी बियाणे राखतो त्यातलाच तो प्रकार.

हा व्यवहार इंग्रजी अमदानीत मोडला. १८७८ च्या जंगल कायद्याने रानाचा मोठा भाग सरकारी राखीव झाला, आणि त्याच वर्षीच्या हत्यारांच्या कायद्याने बंदूक परवान्याखाली आली. १९१२ च्या कायद्याने विणीच्या हंगामात शिकार बंद ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला. हेतू चांगला होता. पण परवाना मिळे कोणास? अंमलदारास, संस्थानिकास, त्यांच्या पाहुण्यांस. हौसेची शिकार अशा रीतीने कायदेशीर झाली आणि पोटाची पारध चोरी ठरली. याहून कठोर गोष्ट म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. मुंबई इलाख्यास तो १९११ च्या सुधारणेनंतर लागू झाला. हजेरी, परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी, आणि सोलापूर, विजापूर यांसारख्या ठिकाणी कुंपणाआड वसाहती, असे त्याचे स्वरूप होते. ज्याचा धंदाच हिंडण्याचा, त्यास हिंडणे हा गुन्हा झाला. मग रान बंद, रस्ता बंद, अशा स्थितीत कोणी शेतातील कणसे तोडली, तर पाहा, हे जन्माचेच चोर, असे म्हणावयास सारे मोकळे! या काळात कोल्हापुरास श्री शाहू छत्रपतींनी या लोकांस आसरा व काम दिले आणि १९१८ साली हजेरीची पद्धत काढून टाकली, हे त्यांच्या दूरदृष्टीस शोभणारेच होते. ते स्वतः नामांकित शिकारी होते. रान जाणणाऱ्याची किंमत त्यांस ठाऊक होती.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला आणि हे लोक 'विमुक्त' म्हणविले जाऊ लागले. त्याच साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. हा योगायोग असला तरी बोलका आहे: मनुष्य सुटला तेव्हा रान रिकामे झाले होते. कोल्हापूरकरांच्या शिकारीचे राखीव रान दाजीपूर येथे १९५८ साली अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले शिकारीचे परवानेही संपले. आज काळवीट मारणाऱ्यास सात वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

हा कायदा नसावा असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. माळ नांगराखाली गेले, काळविटांचे कळप विरळ झाले; अशा वेळी कोणाच्याही फासास मोकळीक देणे म्हणजे शेवटचे बी दळून खाणे होय. पारध्यांच्या हातूनही व्यापाऱ्यांच्या पैशासाठी वाघांची हत्या झालेली आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु हिशेब पुरा मांडावयाचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ज्यांच्या दिवाणखान्यात कातडी व शिंगे टांगली गेली त्यांनी बंदूक खाली ठेवली तेव्हा त्यांचा एक छंद गेला. ज्याने फास खाली ठेवला त्याचा घास गेला. छंद सोडणाऱ्याची आपण रानाचा मित्र म्हणून वाखाणणी केली, आणि घास सोडणाऱ्यास गावात घर भाड्याने द्यावयासही आपण अजून कचरतो.

उपाय अगदीच अज्ञात नाही. मध्यप्रदेशातील पन्ना येथे २००९ पर्यंत सारे वाघ नष्ट झाले. पुढे वाघ बाहेरून आणून तेथे पुन्हा वसविण्यात आले. त्याच पन्नाच्या परिसरात पारधी तरुण आज पाहुण्यांस रानवाटा दाखवितात, पक्ष्यांचे आवाज काढून दाखवितात आणि त्यावर मिळवितात. मारण्यासाठी जमविलेली विद्या राखण्याच्याही कामी येते, कारण तिचा नऊदशांश भाग मुळातच पाहण्याचा होता. मात्र ही विद्या पुस्तकांत उतरलेली नाही. माग ओळखणारे आजोबा गेले की नातवास ती कोणी देऊ शकत नाही, आणि नातवापाशी ना शेती, ना रान, ना विद्या, असे होऊन बसते. रान राखण्यासाठी सरकारने पोटाची पारध बंद केली, ते योग्यच झाले. परंतु ज्याच्या पोटावर पाय देऊन रान राखले, त्याचे नाव राखणाऱ्यांच्या यादीत आधी यावयास हवे. तसे होईपर्यंत 'पापर्द्धि' या शब्दातील पापाचा धनी कोण, हा प्रश्न आपण पारध्यास न विचारता स्वतःस विचारलेला बरा.