काळ्या गाडीवरचे कोळ्याचे जाळे

ऑक्टोबर २०१०. दसऱ्याचा महिना. तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक, डॉक्टर आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा. स्टेट बँकेने ७ टक्के व्याजाने कर्ज दिले. शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून कितीतरी चढा दर का मोजावा लागतो, हा प्रश्न पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी ‘द हिंदू’मधून विचारला. तो प्रश्न अद्याप शिळा झालेला नाही.

या धाग्याचा विषय मात्र त्या गाड्यांच्या किमतीचा नसून कोणत्याही नव्या गाडीच्या कातडीचा आहे. त्यातही काळ्या. नवी कोरी काळी गाडी दुपारच्या उन्हात उभी करावी, आणि सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसावीत, हा अनुभव अनेकांना येतो. गाडी जुनी तर दिली नाही ना, ही शंका मग पाठ सोडत नाही.

मुळात ती वर्तुळे नसतातच. ओरखडे सर्व दिशांना गेलेले असतात. परंतु प्रकाशबिंदूभोवती आडवे पडलेले तेवढेच डोळ्यांकडे प्रकाश परतवतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. घासून घासून जुन्या झालेल्या स्टीलच्या ताटावर दिव्याखाली हेच दिसते. पांढऱ्या गाडीवरही ओरखडे तितकेच असतात, पण पांढरा रंग स्वतःच एवढा प्रकाश फेकतो की त्यात ते बुडून जातात. काळा रंग म्हणजे काजळी. ती जवळजवळ सगळा प्रकाश गिळते, आणि उरतो तो केवळ ओरखड्यांचा प्रकाश.

मोटारीचा काळा रंग नेहमीच असा नाजूक नव्हता. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली तेव्हा ती काळी नव्हतीच. १९१४ पासून सुमारे बारा वर्षे ती केवळ काळ्या रंगात मिळू लागली. काळा लवकर वाळतो म्हणून, असे सर्रास सांगितले जाते. अभ्यासकांना ते फारसे पटत नाही, कारण तो रंग स्वस्त आणि टिकाऊ होता एवढेच पुरेसे आहे. त्याला ‘जपान ब्लॅक’ म्हणत. त्यात जपानचे काही नव्हते. जपानी लाखकामाची युरोपात जी नक्कल होऊ लागली तिला हे नाव पडले, आणि पुढे डांबरवर्गीय द्रव्य व तेल यांच्या भट्टीत भाजलेल्या लेपालाही तेच चिकटले. १९२३–२४ च्या सुमारास ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोजचा लेप आला, आणि आठवडे लागणारे रंगकाम काही तासांवर आले.

या जुन्या लेपांत रंग आणि चकाकी एकाच थरात असे. घासले तर फडक्याला काळे लागे, खालीही काळेच असे. १९८० च्या दशकात दोन थरांची पद्धत रुळली: खाली रंग, वर पारदर्शक ‘क्लिअर कोट’. हा वरचा थर साधारण ४०–५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक. उन्हातील अतिनील किरणे अडवण्याचे काम त्याचेच.

ओरखडे पडतात ते याच थरावर, आणि बहुतेक वेळा गाडी रस्त्यावर येण्याआधी. मोकळ्या आवारात महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी, तिच्यावर बसलेली वाळूमिश्रित धूळ, आणि ताबा देण्याच्या सकाळी फिरवलेले कोरडे फडके. वाळूचा कण त्या थरापेक्षा कठीण असतो. बाकी काही लागत नाही.

ग्राहकाने बोट दाखवले की उत्तर ठरलेले: ‘पॉलिश मारून देतो.’ येथे सावध राहावे, कारण पॉलिश दोन प्रकारचे असते. एक थर खरवडतो. ओरखडा जातो, पण काही मायक्रॉनही जातात, आणि ते परत येत नाहीत. दुसरा ओरखडे तेला-मेणाने भरून झाकतो. चार धुण्यांत ते पुन्हा उघडे पडतात. दुसरी युक्ती मराठवाड्याला नवी नाही. संभाजीनगरच्या दुकानांत दिसणारे बिदरी काम पाहावे. जस्त-तांब्याचा मिश्रधातू बिदरच्या किल्ल्यातील मातीने व नवसागराने काळा करतात, आणि शेवटी त्यावर तेल चोळतात. तेल सूक्ष्म खाचांत भरते, प्रकाश विखुरणे थांबते, काळा गडद होतो. फरक एवढाच की बिदरी कारागीर ते उघडपणे करतो.

वरून चढवलेल्या पारदर्शक थराचे काय होऊ शकते, याचा सर्वांत महाग धडाही याच जिल्ह्यात आहे. १९२०–२२ मध्ये निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटू पाहणारा गिलावा पक्का केला, ते काम मोलाचेच होते. परंतु चित्रांवर लाखेचा लेपही दिला. तो कालांतराने पिवळा पडला, धूळ-काजळी धरून बसला, आणि नंतरच्या पुरातत्त्व रसायनतज्ज्ञांना तो उतरवण्यासाठी वर्षानुवर्षे खपावे लागले.

गाडीपुरते सांगायचे तर, पाहणी शोरूमच्या पसरट उजेडात करू नये. उन्हात किंवा मोबाइलच्या टॉर्चखाली करावी, आणि नोंदणीपूर्वी करावी. काही जाणकार ग्राहक तर ताबा घेण्यापूर्वी गाडी धुऊच नका, असे लेखी कळवतात. आपल्याकडे त्यापुढची अडचण पूजेची असते. चाकाखाली लिंबू, हार, पेढे, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, आणि घरी आल्यावर ते कोरड्या फडक्याने पुसणारे एक उत्साही काका.