भुलीच्या इंजेक्शनची वेदना : कारणे व उपाय

बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांत कोयत्याची जखम शिवणे, गळू फोडणे, रुतलेला काटा काढणे अशा किरकोळ शस्त्रक्रिया जागेपुरती भूल देऊन केल्या जातात. अनेक रुग्णांना चाकूपेक्षा भुलीच्या सुईचीच धास्ती वाटते. त्या भीतीने उपचार लांबले, तर जखम चिघळते.

ही वेदना केवळ सुई टोचल्याची नसते. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेले लिग्नोकेन टिकून राहावे म्हणून त्याचे द्रावण आम्लधर्मी ठेवतात. ॲड्रेनलिनयुक्त द्रावण अधिकच आम्ल असते. शरीराचा सामू सुमारे ७.४ असल्याने ते त्वचेखाली शिरताच जळजळते. वेगाने सोडल्यास ऊती ताणल्या जाऊन कळ वाढते.

यावरील उपाय सोपे व अल्पखर्चिक आहेत. लिग्नोकेनच्या १० भागांत ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेटचा १ भाग डॉक्टरांनी ऐन वेळी मिसळल्यास आम्लता घटते. औषध शरीराच्या तापमानाइतके कोमट करणे, बारीक सुई वापरणे, द्रावण सावकाश सोडणे आणि पुढची सुई बधिर झालेल्या भागातूनच टोचणे हेही उपयुक्त ठरते. पू साचलेल्या जागी भूल नीट चढत नाही. म्हणून ती भोवतालच्या निरोगी भागात देतात.

कन्नड, मराठी व दखनी नांदणाऱ्या या जिल्ह्यात रुग्णाशी त्याच्याच भाषेत बोलत राहिल्यास लक्ष वळते आणि वेदना कमी जाणवते. औषधाची पूर्वीची ॲलर्जी वा हृदयविकार असल्यास रुग्णाने तो आधीच सांगावा.