बिघाड टाकीत की टाकीबाहेर?

गिझर बिघडला की सोसायटीतला कुणीही एकच सल्ला देतो: सात-आठ वर्षं झाली ना, मग त्यात पैसे घालत बसू नका, नवा आणा. त्यामागे तीन कारणं असतात. जुना गिझर वीज जास्त खातो. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की ती परवडत नाही. आणि पाण्याशी संबंध असलेलं विजेचं जुनं उपकरण धोक्याचं. पूर्वपक्ष वजनदार आहे, तिसऱ्या कारणात तर तथ्यही आहे. पण पहिलं साफ चूक आहे आणि दुसरं भलत्याच गोष्टीला माप लावतं.

आधी विजेचं पाहू. एलिमेंटमध्ये शिरलेल्या जवळजवळ सगळ्या विजेची उष्णता होते, आणि ती पाण्याखेरीज जाणार कुठे? पुण्याच्या थंडीत १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ६०० किलोकॅलरी लागतात; विजेच्या एका युनिटात त्या ८६० असतात. हिशेब ०.७ युनिटचा. गिझर दहा वर्षांचा असो की काल आणलेला, हा आकडा हलत नाही. ‘क्षार बसले की बिल वाढतं’ हेही ऐकीवच. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर पांढरा थर चढतो हे खरं. पण त्या थरातून उष्णता पाण्यात उतरतेच. फक्त तिला बाहेर पडायला अडथळा झाल्याने आतली नळी वाजवीपेक्षा जास्त तापते आणि एक दिवस तडकते. त्यात नुकसान होतं ते एलिमेंटच्या आयुष्याचं.

मग गिझरवरचे ते स्टार कशाचे? तापलेलं पाणी टाकीत नुसतं पडून राहिलं तर दिवसभरात किती ऊब निसटते, त्याचे. लॉजवर किंवा हॉस्टेलात, जिथे बटण कधी बंदच होत नाही, तिथे हा फरक जाणवेल. आपल्या घरांत आंघोळीआधी अर्धा तास बटण चालू, आंघोळ उरकली की बंद, आणि कुणी विसरलंच तर स्वयंपाकघरातून हाळी ठरलेली. अशा घरात पाच स्टारांना वाचवायला फारसं काही उरत नाही.

आता निम्म्या खर्चाचा नियम. न्यायशास्त्राच्या भाषेत याला अव्याप्ती आणि अतिव्याप्ती असे दोन्ही दोष आहेत. टाकीच गळत असेल, तर कुणी चारशे रुपयांत डाग मारून देतो म्हणाला तरी गिझर बदलायलाच हवा. नियम मात्र दुरुस्ती स्वस्त आहे म्हणून ती करा म्हणेल. उलट टाकी धडधाकट असताना एलिमेंट, थर्मोस्टॅट, गॅस्केट आणि मजुरी मिळून निम्म्यावर गेली, तर नियम गिझर भंगारात काढायला सांगेल, आणि तेही झिजणारे सगळे भाग नवे होणार असताना.

‘हल्लीच्या वस्तू दुरुस्तीसाठी बनवलेल्याच नसतात’ हा आक्षेप इथे हमखास येतो. तो अर्धाच खरा आहे. तांब्याचा बंब गळला तर तांबट त्याला नवं बूड बसवून देई. गिझरमध्ये नेमकी टाकीच असाध्य. आतून काचेचा लेप, बाहेरून फोमचं कवच. वेल्डिंग करायला गेलं की लेप जळतो. पण बाकीचं सगळं खालचं झाकण काढून चार-सहा बोल्ट सैल केले की हातात येतं. कंपन्यांनाही हा भेद मान्य आहे, नाहीतर वॉरंटी कार्डावर टाकीला वेगळी मुदत आणि बाकीच्या गिझरला वेगळी, असं का छापलं असतं?

म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते बघावं. फ्लँजच्या कडेने पाझरत असेल तर गॅस्केट गेलं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून फक्त पाणी तापतानाच ठिबकत असेल, तर तो बहुधा बिघाडच नव्हे: २० अंशांवरून ६० वर जाताना १५ लिटर पाणी फुगून साधारण पेलाभर जास्त होतं, आणि त्याला मागे जायला वाट नसेल तर ते तिथूनच बाहेर पडणार. हे थेंब थांबवायला व्हॉल्व्हचं तोंड बंद करून देणारा प्लंबर जुन्या गिझरपेक्षा कितीतरी घातक. फ्लँज कोरडा, व्हॉल्व्ह कोरडा आणि तरी कवचाच्या भोकातून तांबूस पाणी येत असेल, तर टाकी गेली. तिथे वाद संपला.

उरलं तिसरं कारण. धोका असतो तो थर्मोस्टॅट काढून ‘डायरेक्ट’ केलेल्या वायरिंगमध्ये, बाद झालेल्या कटआउटमध्ये, नसलेल्या अर्थिंगमध्ये. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर नवाकोरा गिझरही तितकाच धोक्याचा. हां, जुन्या मॉडेलचं कटआउट बाजारात मिळतच नसेल, तर त्या गिझरला निरोप द्यावा हे मला मान्य. आणि बंद न्हाणीघरातला गॅस गिझर या चर्चेतच बसत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो दुरुस्त करून पुन्हा तिथेच टांगू नये.

टाकी गेलीच असेल, तर गिझर भंगारवाल्याकडे जाण्याआधी कारागिराला आतला मॅग्नेशियमचा दांडा काढून दाखवायला सांगावं. टाकीऐवजी आपण गंजायचं, एवढंच त्याचं काम. त्याची नुसती तार उरलेली दिसली तर टाकी वयाने गेली नाही, दांडा वेळेवर न बदलल्याने गेली. जड पाण्याच्या घरात तो वर्षा-दोन वर्षांनी बघावा लागतो, आणि नवा गिझर बसवायला आलेला माणूस हे आपणहून सहसा सांगत नाही.